बिलाच्या खिडकीमागे

आपल्या मंडळींच्या विवाहविषयक माहितीपत्रकांत अलीकडे एक नवा व्यवसाय वारंवार आढळू लागला आहे. मुलगी 'मेडिकल कोडिंग'मध्ये आहे, मुलगा 'मेडिकल बिलिंग'ला आहे, असे लिहिलेले असते, आणि हैदराबाद काय, बडोदे काय, इंदूर काय, घरातील वडीलधारी मंडळी चष्मा कपाळावर सरकवून विचारतात, "म्हणजे इस्पितळातला कारकूनच ना?" प्रश्न अगदीच अनाठायी नाही. बिल लिहिणे हे कारकुनाचे काम, असा आपला जुना समज आहे. तथापि ह्या कामाचे खरे स्वरूप पाहावयाचे तर महानगरांतील काचेच्या इमारतींपेक्षा एखाद्या लहान मुलखातील इस्पितळाची खिडकी अधिक बरी. यास्तव ह्या खेपेस वाचकांस गोव्याच्या उत्तरेकडील पेडणे आणि डिचोली ह्या दोन तालुक्यांत नेतो. तेथे महाराष्ट्राची सीमा आहे, खाणी आहेत, एकेका आडनावाची तीन-तीन रोमी रूपे आहेत, आणि आपल्यासारखीच महाराष्ट्राबाहेर राहून मराठी वाचणारी घरे आहेत. बिल लिहिणाऱ्याची परीक्षा पाहणारे सारे काही तेथे एकवटले आहे.

आधी काम कोणते ते पाहू. रुग्ण इस्पितळात आल्यापासून घरी जाईपर्यंत डॉक्टर व परिचारिका जे जे लिहून ठेवतात ते म्हणजे त्याची केस. ती केस वाचून रोगाला एक संकेतांक आणि केलेल्या उपचाराला दुसरा संकेतांक द्यावयाचा, हे कोडिंग. त्या संकेतांकांच्या आधारे विमा कंपनीकडे वा सरकारकडे पैसे मागावयाचे, आलेले ताडून पाहावयाचे, नाकारलेले का नाकारले हे शोधून पुन्हा मागावयाचे, हे बिलिंग. रोगांच्या संकेतांकांची जी यादी जगभर चालते तिचा उगम १८९३ सालचा. झाक बर्तियों ह्या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने मृत्यूच्या कारणांची ती यादी मांडली. १९४८ पासून तिचा सांभाळ जागतिक आरोग्य संघटनेकडे आला. मेलेल्यांची मोजदाद करण्यासाठी जन्मलेली यादी आज जिवंतांच्या बिलांसाठी राबते, ही गंमतच म्हणावयाची. तिची दहावी आवृत्ती १९९० साली मान्य झाली. अकरावी १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली असली तरी आपल्याकडे बिलांवर बहुधा दहावीचीच अक्षरे दिसतात.

आता गोव्याकडे वळू. पेडणे व डिचोली हे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगिजांकडे गेलेल्या नव्या काबिजादीतील मुलूख. पाश्चात्त्य वैद्यक गोव्यात जुने आहे. पणजीची वैद्यकीय शाळा १८४२ सालची, आणि तिचेच पुढे १९६३ साली गोवा मेडिकल कॉलेज झाले. बांबोळीच्या ह्या संस्थेला गोव्यातील मराठी वर्तमानपत्रे 'गोमेकॉ' म्हणतात, आणि परक्या वाचकाला हा शब्द प्रथम बुचकळ्यात टाकतो. सरकारी इस्पितळात गोव्याच्या माणसाला फारसे पैसे मोजावे लागत नसत. त्यामुळे बिल ही वस्तू खेड्यातल्या माणसाला अपरिचितच होती. २०१६ साली राज्य सरकारने दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना सुरू केली आणि चित्र पालटले. गोव्यात पाच वर्षे वास्तव्य असलेल्या कुटुंबाला कार्ड मिळू लागले. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार वा अधिक माणसे असतील तर चार लाख रुपये, अशी मर्यादा योजनेच्या आरंभी ठरली. नोंदलेल्या खासगी इस्पितळांतही ते कार्ड चालू लागले. म्हणजे जो माणूस कधी बिलाच्या वाटेला गेला नव्हता, त्याच्या नावाने आता बिल लिहिले जाऊ लागले. पैसे त्याने द्यावयाचे नसले, तरी ते मिळणार की नाही हे त्याच्या कागदांवर अवलंबून राहिले.

आणि कागद म्हटला की नाव आले. पोर्तुगीज अमदानीत आपली नावे त्यांच्या कानाला जशी वाटली तशी रोमी लिपीत उतरली. पेडण्याचे 'पेर्नेम' झाले, डिचोलीचे 'बिचोलिम', साखळीचे 'सांकेलिम'. आडनावांचेही तसेच. नाईकांच्या एका भावाच्या दाखल्यावर आडनावाच्या मधले अक्षर 'क्यू' असते, तर दुसऱ्याच्या दाखल्यावर साधा 'के'. कामतांचे कोठे 'कामोतीम', परबांचे कोठे 'पोरोब'. आजोबांच्या जन्मदाखल्यावर एक रूप, रेशनकार्डावर दुसरे, आधारपत्रावर तिसरे. देवनागरीत लिहिले असते तर तिन्ही ठिकाणी एकच आडनाव दिसले असते. संगणकाला मात्र ही तीन निरनिराळी माणसे वाटतात, आणि तो कार्ड नाकारतो. खिडकीमागे परप्रांतातून आलेला कर्मचारी असेल तर तोही हात वर करतो. ह्याच मुलखात वाढलेल्या मुलीला हे एकच घराणे आहे हे पाहताक्षणी कळते. आणि कळल्यावर मामलतदाराच्या कचेरीतून कोणता दाखला आणावा, शपथपत्र कसे करावे, हे ती त्या घराला नीट सांगू शकते. असे ज्ञान कोठल्याही परीक्षेला विचारीत नाहीत. तथापि त्यावाचून डिचोलीतले बिल पुढे सरकत नाही.

गेल्या वर्षी म्हापशाच्या एका इस्पितळात काही कामासाठी बसलो असता खिडकीपाशी झालेला एक संवाद कानावर पडला. पेडण्याकडची एक वृद्धा मुलाला घेऊन आली होती. मुलगा पाडेली, म्हणजे माडावरचे नारळ पाडणारा. मांडीचे हाड मोडले होते. अपघात विभागातील कागदावर लिहिले होते, 'न्हाणीघरात पाय घसरून पडला.' खिडकीतल्या मुलीने क्ष-किरणाचा अहवाल पाहिला, टाचेच्या हाडालाही तडा गेल्याचे वाचले, आणि हळूच विचारले, "आजी, न्हाणीत पडून टाच कशी मोडली? खरे काय झाले ते मला सांगा." म्हातारी जरा घुटमळली. "बाय, माडावरून पडला तो. पोलीस येतील, ज्याचा माड त्याला त्रास होईल, म्हणून तसे सांगितले." मुलगी म्हणाली, "त्रास कोणाला होणार नाही, आजी. पण पुढच्या कागदावर डॉक्टर माड लिहितील आणि ह्या कागदावर न्हाणी राहील, तर पैसे अडकतील. चला, आपण डॉक्टरांकडे जाऊन सांगू."

वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या मुलीने कागद स्वतः खोडला नाही. तो अधिकार तिचा नव्हे. ती त्या बाईला डॉक्टरांकडे घेऊन गेली, डॉक्टरांनी हकीकत ऐकली, दुरुस्ती स्वतःच्या सहीनिशी तारीखवार लिहिली. यादीत झाडावरून पडण्याला डब्ल्यू १४ असा स्वतंत्र संकेतांक आहे, पाय घसरून जमिनीवर पडण्याला डब्ल्यू ०१. दोन कागदांवर दोन कारणे राहिली असती तर तपासणाऱ्याने प्रश्न उपस्थित केला असता, आणि उत्तर जाईपर्यंत मंजुरी लोंबकळत राहिली असती. लपविण्यामागे त्या माउलीचा हेतू वाईट नव्हता. गरीब माणूस कचेरीला भितो, आणि भीतीपोटी नेमके असे काही बोलतो की कचेरीला संशय यावा. खिडकीमागे त्याच्या बोलीत विचारणारे कोणी असेल तरच ही गाठ सुटते.

ह्याच्या उलटही घडते, आणि ते अधिक गंभीर. डिचोली हा लोहखनिजाचा तालुका. शिरगाव, मये ही नावे खाणींमुळेच बाहेर ठाऊक झाली. २०१२ साली खाणी बंद पडल्या, पुढे काही सुरू झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०१८ च्या मार्चात पुन्हा थांबल्या; कित्येक घरांतील ट्रकांचे हप्ते थकले. पैशाची ही कथा पुष्कळांनी लिहिली आहे. धुळीची कथा केसपेपरात लिहिली जाते काय, हा माझा प्रश्न. समजा, तीस वर्षे खनिजाच्या रस्त्यावर काम केलेला मनुष्य दम लागतो म्हणून आला. डॉक्टरांना घाई आहे. त्यांनी 'खोकला व धाप' एवढेच लिहिले. कोडिंग करणाऱ्याला खोकल्याचा व धापेचाच संकेतांक द्यावा लागेल. लोहधुळीने होणाऱ्या फुप्फुसविकाराला यादीत जे ६३.४ असा संकेतांक आहे, सिलिकाच्या धुळीने होणाऱ्याला जे ६२ आहे. पण डॉक्टरांनी निदान लिहिल्यावाचून तो देण्याचा अधिकार कोणालाही नाही, मग त्या रुग्णाचा सारा जन्म कोठे गेला हे खिडकीमागच्या मुलीला शेजारीण म्हणून पुरते ठाऊक का असेना. ह्या व्यवसायाचा पहिला दंडक असा, की जे लिहिलेले नाही ते घडलेले नाही.

दंडक कठोर आहे, पण त्याला एक वाट ठेवलेली आहे. कोडिंग करणाऱ्याला डॉक्टरांस लेखी प्रश्न विचारता येतो: रुग्णाच्या पूर्वीच्या कामाची नोंद केसमध्ये दिसत नाही, ती करावयाची आहे काय? उत्तर सुचवावयाचे नाही, केवळ विचारावयाचे. चांगला कोडर आणि नुसता अंक भरणारा ह्यांतील अंतर मला येथे दिसते. कारण हे अंक बिलापुरते राहत नाहीत. त्यांचीच बेरीज पुढे तालुक्याची आरोग्यस्थिती म्हणून सरकारदरबारी जाते. धुळीचा रोग खोकला म्हणून नोंदला गेला तर त्या रुग्णापुरते पैशाचे नुकसान कदाचित थोडेच होईल. पण तालुक्याच्या हिशेबातून धूळ नाहीशी होईल.

सीमेची गोष्ट निराळीच. तेरेखोल नदीच्या उत्तर तीरावरचा तेरेखोलचा किल्ला महाराष्ट्राच्या भूमीला चिकटून आहे, तरी तो पेडणे तालुक्यात मोडतो. इकडे डिचोलीला लागून दोडामार्ग आहे. तेथला माणूस गंभीर आजारी पडला की सिंधुदुर्गातल्या जिल्ह्याच्या गावापेक्षा बांबोळीकडे धावतो. सोयरीक, बाजार, जत्रा, सारे एकच. २०१८ च्या जानेवारीपासून गोव्याबाहेरच्या रुग्णांस गोमेकॉत शुल्क आकारण्यास आरंभ झाला, तेव्हा दोडामार्ग भागात लोक आंदोलनाला बसले. गोवा सरकारचेही म्हणणे समजण्यासारखे आहे; लहान राज्याच्या तिजोरीने शेजारच्या जिल्ह्याचा भार किती सोसावा? महाराष्ट्राने २०१२ साली जीवनदायी योजना आणली आणि २०१७ साली तिला महात्मा जोतिबा फुले ह्यांचे नाव दिले. पण योजना कागदावर असणे आणि ती सीमेपलीकडच्या खिडकीत चालणे, ह्यांत अंतर असते. दोघी बहिणी एकाच घरात वाढल्या, एक पेडण्यात दिली, दुसरी सीमेपलीकडे. दोघींना एकच आजार झाला तर संकेतांक एकच लागेल आणि बिले दोन निघतील. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणां सर्वांस ह्याचा थोडाफार अनुभव आहेच. आपली कार्डे एका राज्याची असतात आणि नातलग दुसऱ्या राज्यात आजारी पडतात.

खासगी विमा घेतलेल्या वाचकांसाठी येथे एक हिशेब देतो, कारण इस्पितळातील भांडणे बहुधा ह्यावरून होतात. समजा विमा तीन लाखांचा आहे, आणि खोलीभाड्याची मर्यादा रोज एक टक्का, म्हणजे ३,००० रुपये. आपण ६,००० रुपयांच्या खोलीत चार दिवस राहिलो. घरची माणसे धरून चालतात की भाड्यातले वरचे १२,००० तेवढे आपल्या अंगावर. तसे नव्हे. खोली दुप्पट भाड्याची घेतली म्हणून डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृहाचा आकार इत्यादी खर्चही कंपनी निम्माच देते. तो खर्च ८०,००० असेल तर ४०,००० आणखी गेले. औषधे, तपासण्या आणि शरीरात बसविलेले सांधे वगैरे ह्यांना ही कात्री लावू नये, असा नियम २०२० साली झाला, हा थोडा दिलासा. दाखल होतानाच खिडकीवर हे कोणी समजावून सांगितले तर ५२,००० चा भुर्दंड टळतो. पुष्कळ ठिकाणी सांगत नाहीत. आमच्या घरीच एकदा असा प्रसंग आला होता. इस्पितळाचे नाव घेण्यात अर्थ नाही, पण विचारल्याखेरीज बोलायचे नाही अशीच तेथील रीत दिसली. घरी सोडतानाच्या ताटकळीबद्दल मात्र आता तक्रारीला आधार आहे. विमा नियामक प्राधिकरणाने २९ मे २०२४ रोजी काढलेल्या परिपत्रकानुसार, रोख न भरता उपचारांची मंजुरी एका तासात आणि घरी सोडतानाची अखेरची मंजुरी तीन तासांत द्यावयाची आहे. त्याहून उशीर होऊन इस्पितळाने जादा आकार लावला तर तो कंपनीने सोसावयाचा.

एवढे झाल्यावर माहितीपत्रकांतील त्या मुलामुलींकडे येऊ. त्यांच्यातील बहुसंख्य गोव्याच्या वा आपल्या गावच्या नव्हे, अमेरिकेच्या इस्पितळांची बिले लिहितात. चेन्नई व हैदराबाद ही ह्या कामाची मोठी केंद्रे. अमेरिकेने १ ऑक्टोबर २०१५ पासून दहाव्या आवृत्तीचे स्वतःचे विस्तारित रूप घेतले, आणि रोगांचे संकेतांक सुमारे १४,००० होते ते ७०,००० च्या घरात गेले. हात डावा की उजवा, रुग्ण प्रथमच आला की पुन्हा, ह्यालाही निरनिराळी अक्षरे. उपचारांची यादी तेथल्या वैद्यक संघटनेची, १९६६ पासूनची. कोडिंगचे काम दिवसा करता येते. विमा कंपन्यांशी फोनवर बोलून थकलेले पैसे सोडविण्याचे काम मात्र तिकडच्या दिवसाप्रमाणे, म्हणजे आपल्या रात्री. सोयरीक जमविताना हा भेद अवश्य विचारावा. वर्षानुवर्षे रात्रपाळी करणाऱ्या सुनेला सकाळी सातला चहाची अपेक्षा ठेवून उठविणारे घर तिचे आरोग्य बिघडविते, आणि वर तीच आळशी ठरते.

पात्रतेविषयी. जीवशास्त्र, औषधनिर्माण, परिचर्या, भौतिकोपचार ह्यांपैकी एखादी पदवी असेल तर हे काम लवकर वश होते. वाणिज्य शाखेची मुले बिलिंगमध्ये रुळतात, कोडिंगला त्यांस शरीररचना नव्याने शिकावी लागते. अमेरिकेतील कोडरांची जी संस्था १९८८ पासून आहे तिची परीक्षा चार तासांची, शंभर प्रश्नांची, आणि संकेतांकांचे ग्रंथ उघडे ठेवून द्यावयाची. ग्रंथ उघडे असतात म्हणून सोपी, असे कोणी समजू नये; पान कोठे आहे हे हाताला ठाऊक नसेल तर वेळ पुरत नाही. उत्तीर्ण झाल्यावरही नावापुढे उमेदवारीचे एक अक्षर लागते आणि ते बहुधा कामाचा अनुभव दाखविल्यावर गळते. म्हणून 'तीन महिन्यांत प्रमाणपत्र व हमखास नोकरी' असे फलक लावणाऱ्या वर्गांत पैसे भरण्यापूर्वी, गेल्या तुकडीतली मुले आज कोठे आहेत हे त्या मुलांनाच भेटून विचारावे.

ह्या व्यवसायातला मोहही सांगितला पाहिजे. साध्या तपासणीला मोठ्या तपासणीचा संकेतांक लावला की पैसे वाढतात, आणि वरिष्ठ कधी कधी तसे सुचवितात. अमेरिकेत सरकारला खोटी मागणी करणाऱ्यांविरुद्धचा कायदा १८६३ सालचा, यादवी युद्धात सैन्याला निकृष्ट माल विकणाऱ्यांसाठी केलेला. आज तोच इस्पितळांच्या बिलांना लावतात. आपल्याकडे एवढा जुना धाक नाही. सरकारी योजनेच्या कार्डावर वाढविलेला आकार रुग्णाला दिसतही नाही, कारण पैसे त्याच्या खिशातून जात नाहीत. मात्र वर्षाची मर्यादा त्याच्या कुटुंबाची असते. पाडेलीच्या मांडीसाठी जास्त मागितले गेले, तर त्याच वर्षी आईच्या हृदयाला कमी उरते.

राहिला यंत्राचा प्रश्न. केस वाचून संकेतांक सुचविणारी यंत्रे आली आहेत आणि सरधोपट काम प्रथम त्यांच्याकडे जाणार, ह्यात मला शंका वाटत नाही. केवळ अंक भरणाऱ्यांनी आतापासून सावध व्हावे. पण यंत्रालाही लिहिलेलेच वाचता येते. न्हाणी लिहिली असेल तर ते न्हाणीचाच संकेतांक बिनचूक देईल, आणि त्या म्हातारीला बाजूला बोलावून विचारण्याचे काम खिडकीतल्या मुलीलाच करावे लागेल. पेडणे-डिचोलीकडच्या मुलींस माझे सांगणे असे, की अमेरिकेची यादी खुशाल शिका, त्यात पैसा आहे. पण आपल्या तालुक्यातील आडनावे, झाडे, खाणीवरची कामे आणि दुखण्यांची गावठी नावे ह्यांची एक वही बाजूला ठेवा. म्हापशाच्या त्या मुलीपाशी अशी वही होती. मी पाहावयास मागितली, तिने ती हसत मिटून खणात ठेवली, आणि म्हणाली, "काका, ह्यात रुग्णांची नावे नाहीत, पण तरी दाखविता येणार नाही."